दारकाका आणि कसिनोची भिंत

दारकाका कुठेही गेले की आधी बाहेर पडायची वाट शोधत. आमच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या गणपतीत लोक मूर्तीकडे बघायचे, हे मूर्तीमागच्या दाराकडे. स्वतःच्या लग्नात, अंतरपाट खाली यायच्या आत, त्यांनी भटजींना "मागचं दार उघडं आहे ना?" असं विचारलं होतं म्हणे. काकू सांगायच्या, "पळाले नाहीत, कारण त्या दारात माझे वडील उभे होते!"

आमच्या कचेरीत ते ब्रांडशुट्झ बघायचे, म्हणजे आग लागली तर माणसं वाचतील कशी याची काळजी. तेव्हा आम्ही बाल्टिकच्या किनाऱ्यावरच्या एका कसिनो रिसॉर्टचे नकाशे काढत होतो. काय तो रिसॉर्ट! स्वागतकक्षात आख्खा सातारा मावला असता, वर कराडही जेवायला बसलं असतं. झुंबरं अशी, की विमानांनी वळसा घालून जावं. जुगाराच्या दालनाला मात्र एक खिडकी नाही, आणि बाहेरचं दार भिंतीच्याच सोनेरी कागदाखाली लपवायचं. मालकाचा सजावटकार म्हणाला, "दार दिसलं की माणसाला घर आठवतं."

"गेनाऊ! अगदी बरोबर, आठवायलाच पाहिजे," काका गरजले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "लेका, आत कसं यायचं ते कुणीही दाखवेल. धुरात सापडतं ते दार खरं."

प्रत्येक बैठकीत ते लाल पेनाने दार काढायचे, पुढच्या नकाशात ते पुसलेलं असायचं. हे वर्षानुवर्षं चाललं. शेवटी मालकाने दुसरा सल्लागार आणला. उद्घाटनाला मी गेलो, तर ते दार मला सापडेना. आणि त्या भिंतीचा नकाशा मीच काढला होता! काकांना हे सांगितलं. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्या खिशात खोचलं.

काकू गेल्या आणि काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ते, मग आम्ही. मुलाने त्यांना फ्लेगेहाइममध्ये, इथल्या वृद्धाश्रमात ठेवलं. परवा भेटायला गेलो. त्या मजल्यावर बाहेरच्या दारावर पुस्तकांच्या कपाटाचं मोठं चित्र चिकटवलंय, मूठसुद्धा दिसत नाही.

"दार दिसलं की सगळे घरी निघतात," नर्स म्हणाली.

काका त्या चित्रासमोरच खुर्ची टाकून बसले होते. मी वाकून हळूच विचारलं, "काका, इथून बाहेर कसं पडायचं हो?"

त्यांनी पुस्तकांवरून सावकाश नजर फिरवली.

"पडू रे," म्हणाले. "एवढी वाचून होऊ देत."