न सापडलेली वाम

नदीतून हात बाहेर काढला की मामा तो आधी हुंगत आणि मग आमच्या नाकासमोर धरत. "घ्या वास. हात घातल्याबिगर नदी कळत न्हाई." आम्ही पुण्याच्या कॉलेजातली पहिल्या वर्षाची मुलं तोंडं फिरवायचो. तुम्हीही फिरवली असती.

मामा आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे शिपाई. मूळचे शिरूरकडच्या निमोण्याचे. हिवाळ्यात दौंडला भीमेकाठी सहल निघे, तेव्हा खरं शिकवत ते हेच. उचललेला दगड होता तसा परत ठेवायला लावत. खाली राहणाऱ्यांचं ते छप्पर आहे, म्हणत. खेकडा पाहून किंचाळलेल्या मुलीला त्यांनी तो मागून धरायला शिकवला, तर ती तासभर सोडेना.

प्राध्यापक बाभळीखाली सतरंजीवर. बूट कोरडे. दुपारी ते मागल्या वर्षीची यादी काढून सांगत आणि आम्ही आमच्या वहीत 'आढळलेले प्राणी' म्हणून उतरवून घेत. विज्ञानाच्या नावाने चाललेली ही नक्कल आठवली की आजही शिसारी येते.

त्या वर्षी यादीत वाम आली. तो सापासारखा लांबोळा मासा आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. मामांनी बादली खाली ठेवली.

"सायेब, वाम औंदा घावली न्हाई. सकाळधरनं समद्या कपारी चाचपल्या."

"आता शिपाई शास्त्र सांगणार," प्राध्यापक हसले. आम्हीही हसलो.

"शास्त्र न्हाई सांगत. न्हाई दिसली तर न्हाई लिवा. उद्या कुनी वही उघडली तर त्याला वाटंल, हुती."

प्राध्यापकांचं हसू गेलं. ज्यांना वाम दिसली नाही त्यांनी हात वर करावा, म्हणाले. मार्क त्यांच्याच हातात होते. मामा आमच्याकडे पाहत राहिले. वसतिगृहाच्या भिंतींवर 'सत्याचीच बाजू घ्या' अशी पत्रकं चिकटवणारा मी, मान खाली घालून लिहिलं: 'वाम, एक.' एकही हात वर झाला नाही.

पुढच्या वर्षी सहल मामांना वगळून गेली. त्यांना प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला बसवलं. माझी वही मात्र उत्तम ठरली. विभागाने ती नमुना म्हणून कपाटात ठेवली आणि नव्या मुलांना काढून द्यायचं काम मामांकडे आलं.

एकदा मी दारात उभा असताना एका नव्या मुलीने ती चाळत विचारलं, "मामा, ही वाम नेमकी कुठं सापडली होती?"

मामांनी मला पाहिलं होतं. ओले हात धोतराला पुसत ते तिला म्हणाले, "वहीत."