नाव कापलेला घोडा

माझा मित्र गेला तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयात शोकसभा झाली. अध्यक्ष उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "घोड्यांचा तेवढा नाद सोडला, तर माणूस सज्जन होता." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! अहो, त्या माणसाने उभ्या आयुष्यात रेसवर एक रुपया लावला नाही. कोलशेतच्या कंपनीत आम्ही शेजारी शेजारी बसलेलो, मला माहीत नसणार तर कुणाला?

रेसकोर्सवर तो जायचा ते घोडे बघायला. त्याचं म्हणणं एकच: जिंकतोय तोवर घोड्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी, म्हातारा झाला की विकतात आणि नावही पुसतात. मग तो कुठल्यातरी वरातीत राजा नाहीतर बादशहा म्हणून उभा. असे घोडे शोधत हा पार खडवलीपर्यंत भटकायचा. वरात दिसली की नवरदेवाकडे ढुंकून बघायचा नाही, घोड्याच्या कपाळावरचे केसांचे भोवरे तपासायचा, ते प्रत्येक घोड्याचे वेगळे असतात म्हणे. ओळख पटली की एका पुठ्ठ्यावर दोन फोटो, जिंकल्या दिवशीचा आणि आत्ताचा, आणि खाली त्याच्या सुंदर अक्षरात घोड्याचं खरं नाव. "निदान नाव तरी राहू दे रे बिचाऱ्याचं," म्हणायचा.

वहिनींनी ते सगळे पुठ्ठे माझ्या हवाली केले. "वाचनालयाने ठेवले तर यांच्या कष्टाचं चीज होईल, भाऊजी," म्हणाल्या. मी खोकं घेऊन गेलो. अध्यक्षांनी ते उघडलंसुद्धा नाही. "लहान मुलं येतात इथे. जुगाराचं काही नको." आणि हे कोण सांगतंय? गणपतीच्या जागरणात पहाटेपर्यंत तीन पत्ती कुटणारे! खोकं परत माझ्या दिवाणाखाली आलं.

पुढे अध्यक्षांच्या पुतण्याचं लग्न मानपाड्याला होतं. आमंत्रण होतं, गेलो. वरात दारात आली, पांढराशुभ्र घोडा, आणि अध्यक्ष स्वतः त्याच्या कपाळाला कुंकू लावतायत. कपाळावर दोन भोवरे, एकमेकांना खेटून. अरे, हा तर आपल्या खोक्यातला! तरुणपणी राखाडी होता, वयाबरोबर पांढरा झालेला. घोडेवाल्याला विचारलं तर तोही म्हणाला, "हां साब, रेस का है."

मी अध्यक्षांना तिथेच गाठलं. म्हटलं, "ज्याला जुगार म्हणालात ना, त्या रेसच्या विजेत्यालाच कुंकू लावताय. फोटो आहे याचा त्या खोक्यात." वाटलं, जरा तरी लाजतील. कसलं काय! चेहरा उजळला त्यांचा. "विजेता? आमच्या वरातीत? फोटो आणा हो!" दुसऱ्या दिवशी मी वेड्यासारखा पुठ्ठा घेऊन गेलो. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि पुठ्ठा मला परत दिला. खोक्याबद्दल अवाक्षर नाही.

संध्याकाळी वाचनालयाच्या ग्रुपवर तो फोटो आला. 'आमच्या घरच्या वरातीला रेसचा विजेता!' खालची ओळ, माझ्या मित्राच्या अक्षरातलं घोड्याचं नाव, साफ कापलेलं. ज्या एका गोष्टीसाठी तो जन्मभर वणवण हिंडला, नेमकी तीच!

मग मी अख्ख्या पुठ्ठ्याचा फोटो टाकला, नावासकट. खाली लिहिलं, 'ज्याने हे जपलं तो जुगारी नव्हता. शोकसभेतले शब्द मागे घ्या.'

अध्यक्षांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं. त्यांच्या डीपीला मात्र अजून तोच घोडा आहे, बिननावाचा.