ऑर्लिननं तोंडी दिलेली रजा

ऑर्लिन त्वेटचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं एल्मस्टेडमध्ये सगळे म्हणत. घोळ झाला तो त्यामुळेच. बावीस वर्षं तो गावच्या शाळा-मंडळाचा अध्यक्ष. गोठ्यातून थेट बैठकीला यायचा आणि इतिवृत्त चार ओळींत उरकायचा. कागद लागतो तो परक्यांना, असं त्याचं मत. मिनेसोटातल्या आमच्या गावांत अजूनही निम्मे लोक असंच मानतात, ठेच लागली तरी मानतात.

नऊ वर्षांपूर्वी शाळेतल्या शिक्षिका आर्डिस स्कोगेन बाईंची आई अंथरुणाला खिळली. चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता बाईंनी त्याच्याकडे वर्षभराची रजा मागितली.

"जा हो बाई, आईकडे बघा. तुमची जागा कुठं पळून जात नाही," म्हणत ऑर्लिननं हात मिळवला. नोंद काही झाली नाही. त्या वर्षी बदली शिक्षिका म्हणून त्याची सून जॅनेल लागली, आणि वर्षानं बाई परतल्यावरही शाळेतच राहिली.

यंदा पोरंच उरली नाहीत, म्हणून शाळा शेजारच्या हॉवर्टच्या शाळेत विलीन झाली. दोन्हीकडच्या शिक्षकांची सेवाज्येष्ठतेची एक यादी झाली. तळाला असेल त्याला नारळ. कागदोपत्री बाईंनी नोकरी सोडून पुन्हा धरली होती, त्यामुळे त्यांची पंचवीस वर्षं आठावर आली. त्या तळाला, आणि त्यांच्या लगेच वर नऊ वर्षांची जॅनेल.

बाईंनी हरकत घेतली नाही. चारचौघांत ऑर्लिनकडे पुरावा मागायचा, हे त्यांना जमेना. त्या गप्प राहिल्या याचीच ऑर्लिनला लाज वाटली.

"बाबा, तुम्ही बोलला नाहीत तर कुणी तुम्हाला खोटं म्हणणार नाही," जॅनेल म्हणाली.

"तेच तर वाईट आहे, पोरी."

मंगळवारी दोन्ही मंडळांच्या एकत्र बैठकीत तो उभा राहिला. "ती रजा होती. मी दिली. लिहिली नाही, कारण मला लिहायचा कंटाळा."

"पुरावा काय?" हॉवर्टच्या अध्यक्षांनी विचारलं.

"पुरावा मीच. बाई वर गेल्या की तळाला माझी सून येते, हेही लिहून घ्या."

हॉवर्टच्या अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. घरचं माणूस यादीत, म्हणून मतदानाला त्याला बाहेर पाठवलं. पहिलीच्या पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन तो बसून राहिला. बाईंची पंचवीस वर्षं त्यांना परत मिळाली.

जॅनेल आवारात गाडीपाशी उभी होती. ती चिडली होती आणि तिचं काही चुकत नव्हतं, हेच त्याला जास्त लागलं.

"बाबा, सध्या रविवारी जेवायला येऊ नका."

"किती दिवस?"

"तोंडी कशाला सांगू? लिहून कळवते," ती म्हणाली आणि गाडीत बसली.