पट्टीतून बघणाऱ्या सखुबाई

सखुबाई माणसाकडे आधी पट्टीतून बघायच्या. लेकीनं नाशिकहून आणलेली जाड, काचेसारखी प्लास्टिकची पट्टी, अंगभर पिवळ्या रेघांचे चौकोन. एक डोळा मिटून त्या तुम्हाला चौकोनात बसवायच्या आणि मगच "या अण्णा" म्हणायच्या. मला ते आवडायचं नाही. मी तसं तोंडावर सांगितलंही.

"मग दुसरीकडं जा शिवायला," त्या म्हणाल्या. सिन्नरला आमच्या गल्लीत दुसरं होतं कोण?

गोधडीचे तुकडे, आकाशकंदिलाचा कागद, संक्रांतीचे पतंग, सगळं त्या एकाच पट्टीवर कापायच्या. म्हणायच्या, "डोळ्याला माया असती. पट्टीला नाय."

माझी बायको गेली आणि पलंगावर पाठ टेकली की झोप उडायला लागली. खुर्चीत बसून किती रात्री काढायच्या? तिच्या साड्या आणि माझी जुनी धोतरं गाठोड्यात बांधून मी गोधडी शिवून घ्यायला सखुबाईंकडं गेलो. त्यांनी माझ्यासमोर चौकोन कापले. सकाळी निरोप आला. साड्यांचे तुकडे एका बाजूनं बोटभर आखडले होते. माझ्या धोतराचे जसेच्या तसे.

"कात्री घसरली तुमची," मी म्हणालो.

"मग तुम्ही कापा."

मी शाळा दुसरीत सोडली, पण रेघ मला कळते. पट्टी दाबून धरली, नवे चौकोन कापले, पेटीत ठेवून किल्ली खिशात टाकली. सकाळी पेटी उघडली. तेच.

ते तुकडे मी सखुबाईंपुढं टाकले. त्यांनी एकेक पट्टीवर लावून बघितला.

"वहिनी कुठल्या अंगाला झोपायच्या?"

"भिंतीकडं. अंग चोरून."

"आन तुम्ही ऐसपैस."

"पलंग माझ्या बापाचा होता," मी म्हणालो.

मग माझी गोधडी त्यांनी पट्टी न लावता, नुसत्या नजरेनं शिवली. एका बाजूला साडीचा रुंद काठ जास्तीचा सोडला.

"ही बाजू भिंतीकडं टाकायची. तिच्यावर हातपाय टाकायचे नाय."

"मला सांगणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी कोण नाय. शिवणारी हाय."

मागच्या उन्हाळ्यात सखुबाई गेल्या. जन्मात मी कुणाचं ऐकलं नाही, पोरांचं तर नाहीच. त्यांचं तेवढं ऐकतो. पलंगाच्या कडेला एका कुशीवर पडतो आणि झोप लागते. सकाळी गोधडी आवरायला घेतो, तेव्हा भिंतीकडची बाजू चुरगळलेली असते. कोमट असते. मी ती लगेच उचलत नाही. चहा होईपर्यंत तशीच राहू देतो.