कुमुदताईंची उंची आणि अमेरिकेचं गणित

माझा मूर्खपणा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शहाणपण तुम्ही बेतानेच घ्याल. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात मी कागदोपत्री जवळजवळ मेले होते.

सिंगापूरच्या एका शिपयार्डमध्ये, एका कॉन्ट्रॅक्टरकडे मी रेडिएशन सेफ्टी ऑफिसर होते. जहाजाचं वेल्डिंग आतून पक्कं आहे का, हे बघायला गॅमा किरणांनी फोटो काढतात. हाडाचा एक्स-रे काढतात तसाच. त्या किरणांपासून माणसं सांभाळणं हे माझं काम. प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज असतो. अंगावर किती किरणं पडली ते तो मोजतो. त्या आकड्याला डोस म्हणायचं. बॅज क्षणभरही अंगावेगळा करू नये, असं लेक्चर मी सगळ्या वेल्डरना ठणकावून दिलं. मग फार उकडलं म्हणून कोट काढला आणि बॅजसकट खुंटीला अडकवला. खुंटी नेमकी किरणांचा सोर्स ठेवायच्या कोठीच्या भिंतीवर. इथल्या दमट हवेत पुन्हा कोट कोण घालतंय? महिनाभर तो तिथेच लटकत राहिला.

रिपोर्ट आला तेव्हा आमचे बॉस मिस्टर टॅन माझ्याकडे भुताकडे बघावं तसं बघत होते. इथल्या सवयीप्रमाणे वाक्याला "लाह"चं शेपूट जोडून म्हणाले:

"मॅडम, ऑन पेपर यू आर ऑलरेडी कुक्ड, लाह."

रक्त तपासलं. मी ठणठणीत. कोट मात्र अत्यवस्थ निघाला.

तरीही माझ्यातल्या त्या पोरीचा तोरा काही गेला नाही. अणू फुटण्याआधी आपली परवानगी घेतात, अशा थाटात ती पुढची सगळी वर्षं वावरली. शेवटी रिटायर झाली, इथल्याच क्वीन्सटाउन भागातल्या फ्लॅटमध्ये बसून नातवंडांना रागवू लागली, आणि तिला वाटलं, संपलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात आमच्याच ब्लॉकमधला निखिल. बँकेत असतो. एरवी इस्त्रीतून नुकता काढल्यासारखा दिसतो, पण त्या दिवशी पार चुरगळलेला होता.

"मावशी, आईचा क्लेम रिजेक्ट झाला. तुम्ही त्या लाइनमधल्या ना?"

निखिलची आई म्हणजे कुमुदताई. नागपूरच्या केमिस्ट्रीच्या एमएस्सी. लग्न करून अमेरिकेला गेल्या, तिथल्या नागरिक झाल्या आणि अण्वस्त्रं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये बरीच वर्षं केमिस्ट होत्या. यजमान गेल्यावर मुलाकडे इथे आल्या. अशा कारखान्यांत काम केलेल्यांसाठी तिकडे एक सरकारी योजना आहे. पुढे कॅन्सर झाला, आणि तो तिथल्या किरणांमुळेच झाला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघाली, तर भरपाई आणि उपचाराचा खर्च मिळतो. निम्म्याहून कमी निघाली, तर सहानुभूती मिळते.

कुमुदताईंना सहानुभूती मिळाली होती.

थायरॉइडचा कॅन्सर, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचा. एकदा बरा होऊन परत आला होता आणि आता फुप्फुसात उतरला होता. औषध होतं, पण महाग. शिवाय ताई इथे परदेशी, त्यामुळे सबसिडी नाही. निखिल फ्लॅट विकायच्या गोष्टी करत होता आणि ताई औषध बंद करण्याच्या.

मी भेटायला गेले तेव्हा सोफ्यात रुतून बसल्या होत्या, मांडीवर शेंगदाण्यांचा वाडगा.

"नातीच्या डोक्यावरचं छप्पर विकून मी गोळ्या गिळणार नाही," म्हणाल्या. "ये, बस. दाणे खा. तूच का ती कोटवाली?"

गावभर झालं होतं म्हणजे!

हरकत घ्यायला अजून मुदत होती. हरकत घेतली की सुनावणी होते, आणि सुनावणीला काहीतरी नवं मांडावं लागतं. तेच गणित पुन्हा मांडून भागत नाही. मी कंबर कसली. जुन्या बॅजच्या आकड्यांवरून कुठल्या अवयवावर किती किरणं पडली असतील हे शोधतात, त्याला डोस रिकन्स्ट्रक्शन म्हणतात. मेलेला दिवस पुन्हा उभा करायचा, असं समजा. डायनिंग टेबलवर पसारा मांडून मी तो उभा केला. शक्यता निम्म्याखालीच. दुसऱ्या पद्धतीने केला. निम्म्याखालीच. सूनबाईंनी विचारलं, "आई, जेवायला ताटं कुठे मांडू?" मी सांगितलं, "मांडीवर."

ताईंचं काम असायचं ग्लोव्हबॉक्सवर. ग्लोव्हबॉक्स म्हणजे काचेचं तावदान असलेली बंद पेटी. समोर दोन गोल भोकं, त्यांना आतून जाड रबरी हातमोजे जोडलेले. बाहेर उभं राहून त्यात हात घालायचे आणि आतला विषारी माल हाताळायचा. भोकांच्या खालच्या बाजूला शिशाचा पत्रा. माल पोटासमोर, बॅज छातीच्या खिशाला. सगळं ठरलेलं. अमेरिकेने हेच धरलं होतं, मीही हेच धरलं.

हार मानून मी ताईंना सांगायला गेले. पण दारात धीर होईना. म्हटलं, चला ताई, आधी हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जाऊन काहीतरी चविष्ट खाऊ.

तिथे स्टॉलवर त्या व्हीलचेअरमधून उठून स्वतः ऑर्डर द्यायला पुढे झाल्या. स्टॉलवाला अंकल इकडे तिकडे बघतोय. आवाज येतोय, माणूस नाही. मग वाकून म्हणतो, "आयो, आंटी! ओन्ली हेअर कॅन सी!"

मी बघतच राहिले. काउंटर ताईंच्या कपाळाला लागत होता; पलीकडून त्यांचे केस तेवढे दिसत असणार.

इतक्या दिवसांत मी त्यांना उभं असं पाहिलंच नव्हतं. भेटायच्या त्या सोफ्यात नाहीतर व्हीलचेअरमध्ये. सोफ्यात सगळेच सारखे.

"ताई! त्या ग्लोव्हबॉक्सची भोकं तुमच्या कुठे यायची?"

त्यांनी दोन्ही हात वर उचलले, थेट गळ्याशी. "इथे. का गं?"

"पायाखाली स्टूल नव्हतं?"

"एकाने आणलं होतं, खदाखदा हसत. मी लाथेने उडवलं. म्हटलं, माझे हात पोचतात तिथे."

"आणि बॅज?"

"छातीच्या खिशाला, नियमच होता तो. पण कोट पुरुषांच्या मापाचे. सगळ्यात लहान कोटाचा छातीचा खिसा माझ्या बेंबीवर यायचा."

मी त्या हॉकर सेंटरमध्ये किंचाळले. शेजारच्या टेबलावरच्यांनी आपापल्या वाट्या सावरल्या. अहो, किरणं गळ्यासमोर आणि बॅज शिशाच्या पत्र्यामागे सुरक्षित बसलेला! त्याने कमी डोस सांगितला यात नवल काय? आणि मी, साक्षात कोट खुंटीला टांगून मेलेली बाई, बॅज आणि माणूस एकाच जागी असतात असं धरून चालले होते!

पुढचे दिवस आम्ही दोघींनी धुमाकूळ घातला. ग्लोव्हबॉक्सची मापं फायलीत होतीच. फ्रिजचं खोकं आणलं, भोकं कापली, आणि ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकवर, टेबलांच्या उतरंडीवर चढवलं. निखिलचा शर्ट ताईंना कोट म्हणून घातला. खिशाला बॅज म्हणून त्याच्याच बँकेचं ओळखपत्र लावलं. मी मोजपट्टी धरून फोटो काढत होते. मार्केटहून येणाऱ्या चिनी आंटी थांबून विचारायच्या, "धिस वन व्हॉट शो, ऍ? हाऊ मच टिकेट?" ताई खोक्यातून हात हलवून सांगायच्या, "फ्री! टुमॉरो आल्सो!"

निखिल मात्र हवालदिल. "मावशी, धिस इज अ सीरियस मॅटर."

"म्हणून तर तुझा शर्ट घेतला. टी-शर्ट नाही मागितला," ताई म्हणाल्या.

सुनावणी भल्या सकाळी व्हिडिओवर होती. तिकडे त्यांची दुपार टळत आली होती. ताईंबरोबर काम केलेला एक म्हातारा गृहस्थ साक्षीला आला. स्टूल त्यानेच आणलं होतं, आणि ताईंची लाथ त्याला चांगली आठवत होती. हिअरिंग ऑफिसर बाई गंभीर, सौम्य. सगळं ऐकून घेतलं, फोटो पाहिले. मग म्हणाल्या, खात्रीसाठी कुमुदबाईंनी एकदा उठून उभं राहावं.



निखिल घसा साफ करून म्हणाला, "मॅडम, शी इज स्टँडिंग."

पडद्यावरच्या बाईंनी तोंडापुढे कागद धरला. कागद बराच वेळ हलत होता.

निकाल लगेच लागला नाही. असे निकाल लगेच लागत नाहीत. फाईल गणितासाठी परत पाठवली गेली. ताई दर दोन दिवसांनी मला विचारायच्या, मी दर दोन दिवसांनी खोटा धीर द्यायचे. मधल्या एका स्कॅनच्या दिवशी आम्ही दोघीही हसलो नाही. औषध निखिलने चालू ठेवलं होतं, कर्जावर. फ्लॅट बघायला एक जोडपंही येऊन गेलं.

मग कळलं. नवं गणित निम्म्याच्या वर गेलं. फार नाही, पण गेलं. क्लेम मंजूर, उपचारांचा खर्चही. जोडप्याला निखिलने फोन करून सॉरी सांगितलं. इतक्या आनंदाने सॉरी म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

धंद्यातलं शहाणपण म्हणाल तर एवढंच: गणितातला माणूस मध्यम उंचीचा असतो, आणि त्याला कधीच कॅन्सर होत नाही. ज्याला होतो, त्याला आधी उभं करून बघावं.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. मला वाटलं, आता रडणार. म्हणाल्या:

"अगं, जन्मभर सगळ्यांनी बुटकी म्हणून चिडवलं, आणि आता खुद्द अमेरिकेने ते लिहून दिलं. माझ्या वतीने एवढंच विचार त्यांना, मी अजून दोन इंचांनी कमी असते, तर निकाल लवकर लागला असता का?"