बाईंनी पुसलेली कॅसेट

“आधी विषय सांग. घाबरायचं नंतर.”

समाजकार्याचा कोणीही विद्यार्थी धापा टाकत आला, की भिवंडीतल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल बाई हेच म्हणायच्या. खरं तर सगळ्यांत घाबरट त्याच. कपाटाला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायच्या. असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझ्या प्रबंधाचा विषय होता, लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांचा खोकला. पंधरा दिवस उरले होते आणि हाती काही नव्हतं. बाईंनी कार्डांचे खण उपसले.

“खोकला शोधू नको गं. धूळ बघ, फुप्फुस बघ.”

वर्षानुवर्षं दर शनिवारी मुंबईच्या ग्रंथालयात जाऊन त्या लेखांच्या नोंदी हाताने उतरवून आणत. त्यातलं बरंच मला मिळालं. शेवटी त्यांनी एक व्हिडिओ कॅसेट दिली. आधीच्या बॅचने धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात घेतलेल्या मुलाखती. तीन बायका, चेहरे उघडे, खोकत खोकत मालकाबद्दल बोलणाऱ्या. माझा अर्धा प्रबंध त्यावरच उभा राहिला.

मग एका दुपारी कॅसेटची कुणकुण लागून त्या कारखान्याचा मॅनेजर आला. मी समोरच बसले होते.

“मॅडम, वो कॅसेट देखनी थी. हमारी औरतों ने क्या बोला, बस.”

“लायब्ररीचं कार्ड आहे?”

“नहीं.”

“मग नाही मिळणार.”

“प्रिन्सिपलसाहब से बोलूँ?”

“बोला.”

तो गेल्यावर बाईंनी पाण्याचा पेला उचलला. अर्धं पाणी पदरावर सांडलं. तासाभरात प्रिन्सिपलांची चिठ्ठी आली, उद्या कॅसेट द्यावी.

“चल,” बाई म्हणाल्या. आम्ही त्या तिघींना जाऊन भेटलो. दोघी दाराकडे बघू लागल्या. तिसरी, वयाने मोठी, म्हणाली, “आमचं काम जाईल बाय. पुसून टाका.”

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या आधी बाईंनी कॅसेट लावली. नावं वगळून एकेक वाक्य मला उतरवून घ्यायला लावलं. वर्तमानपत्राचं फाटकं पानसुद्धा चिकटवून ठेवणारी ही बाई. रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवून माझ्याकडे वळली.

“सगळं लिहिलंस ना?”

“हो,” मी म्हणाले.

टीव्हीवर तेव्हा योगासनं चालू होती. तीच मुलाखतींवर रेकॉर्ड झाली. दुपारी मॅनेजर अर्धा तास प्राणायाम बघत बसला.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी मूळ मुलाखती मागितल्या. मी बाईंचं पत्र पुढे केलं. त्यात एकच ओळ होती, ‘मूळ चित्रफीत मी पुसली आहे.’ खाली सही. मी पास झाले. बाईंना मेमो मिळाला.

पुढच्या वर्षी ती मोठी बाई नाक्यावर भेटली. “सोडलं मी ते काम. आता बोलीन. पन त्या बाईंना घेऊन ये.”

मी तशीच कॉलेजात गेले. त्यांच्या खुर्चीत एक तरुण गृहस्थ बसले होते. बाईंनी राजीनामा दिला होता, पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता.

नाक्यावर परत आले, तर ती तिथेच उभी होती.

“न्हाय आल्या?” तिने विचारलं, आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिली.