अदमासातले दाजी

दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, नवऱ्याला, आमच्या घरात कुणी कधी कामाधंद्याचं विचारलं नाही. जावयाला ते विचारायचं नसतं. त्यानं आपणहून सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर पाटावर बसवून पोटभर वाढायचं आणि पाऊसपाण्याचं बोलायचं. ही रीत आमच्या पेठेत इतकी मुरलेली होती की ती रीत आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात येत नसे. माझी नोकरी मात्र नेमकं तेच विचारत फिरण्याची होती.

संस्थान विलीन झालं तेव्हा दाजी पागेत नालबंद होते. घोड्यांच्या खुरांना नाल ठोकायचे. पागा मोडली, घोडी गेली, आणि त्यांच्यामागून माणसं गेली. कारकुनांना नव्या सरकारानं कुठेकुठे सामावून घेतलं, पण नालबंदाला घेऊन करणार काय? दाजींची पस्तिशी उलटलेली नव्हती, हात लोखंडाला सरावलेले होते, आणि पदरात दोन पोरी होत्या. अशा कमी केलेल्या माणसांना लेथ चालवायला शिकवणारा एक सरकारी वर्ग कोल्हापुरात निघणार, अशी बोलवा उठली. शहरात तेव्हा ऑइल इंजिनांचे आणि उसाच्या चरकांचे कारखाने वाढत होते. लेथवर हात बसला की माणूस मार्गी लागला, असं जो तो म्हणायचा. दाजींनी अर्ज करून ठेवला होता. आक्का दर शुक्रवारी अंबाबाईला जायची आणि एवढंच मागायची, की वर्ग निघू दे.

तो निघणार की नाही हे ठरणार होतं आमच्या कचेरीच्या आकड्यावर. मॅट्रिक झाल्यावर मी तिथे कारकून म्हणून चिकटलो होतो. राधानगरीपासून मलकापुरापर्यंतच्या आमच्या टापूत किती लोकांच्या हाताला काम आहे, हे आम्ही दर महिन्याला वर कळवायचो. सगळ्या कारखान्यांत दर महिन्याला जाणं शक्य नव्हतं. म्हणून काही निवडक कारखाने धरलेले होते. तिथे जायचं, गेल्या खेपेपेक्षा माणसं वाढली की घटली ते विचारायचं, आणि जेवढ्या प्रमाणात तिथे वाढली तेवढ्याच प्रमाणात साऱ्या टापूत वाढली असं धरायचं. साहेब ह्याला अदमास म्हणत. पुढे घरोघर जाऊन पुरती मोजणी होईल तेव्हा हा अदमास तिच्याशी ताडून दुरुस्त करायचा, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. मला ते दुरुस्तीचं काही पटलं नव्हतं. मी मोजलेलं चुकेल कशाला? नवी नोकरी, खिशाला फौंटनपेन, आणि डोक्यात हवा.

निवडक कारखान्यांतला एक आमच्याच पेठेत होता. मालकांना सारी पेठ मामा म्हणायची. आत लेथ, शेजारी भाता, अंगणात ओतकामाची काळी वाळू. मी गेलो तेव्हा जागेच्या मानानं माणसं बरीच दिसली. त्यांत एका कोपऱ्यात उकिडवे बसून दाजी कानशीनं लोखंडाची पट्टी घासत होते. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली आणि पुन्हा घासायला लागले.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मामांनी चहा मागवला आणि एकेकाकडे बोट करून माणसं सांगायला सुरुवात केली. हा भाचा, हा तालमीतला गडी, हे दोघं पागेतलेच. बोट दाजींपाशी आलं तेव्हा ते जरा थांबले. मग म्हणाले, "हे बी आमचंच की. लिवा पावणं."

मी लिहिलं. मामा थांबले ते मला दिसलं होतं. ह्यांना कधी घेतलं, पगार देता का, हे विचारायला कागदावर रकाने होते. पण समोर दाजी बसलेले, कानशीचा आवाज बंद झालेला. बहिणीच्या नवऱ्यासमोर मी कसं विचारणार? त्यांचे रकाने मी मनानंच भरून टाकले, आणि त्यांचे भरले म्हणून बाकीच्यांचेही भरले.

काम गेलेला माणूस दिवसभर घरात बसला की पेठेत त्याची अब्रू जायची. मग तो सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ओळखीच्या कारखान्यात जाऊन बसायचा. हाताला काही लागलं तर करायचा, चहा आला तर घ्यायचा, आणि दिवेलागणीला कामावरून आल्यासारखा घरी परतायचा. मालकही त्याला उठ म्हणत नसे. आणि चारचौघांत, त्याच्या तोंडावर, हा माझ्याकडे कामाला नाही असं म्हणायला आमच्या गावात कुणाची जीभ रेटली नसती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पेठेत वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. पण कागद घेऊन उभा राहिलो की मी जणू दुसऱ्या गावचा व्हायचो. आणि अशी बसायला आलेली माणसं आमच्या हिशेबानं साऱ्या टापूवर पसरली, तेव्हा जिथे कोपऱ्यात बसायलाही जागा नव्हती तिथेसुद्धा नोकऱ्या उगवल्या.

घरी येऊन मी आईला सांगितलं, दाजी कामाला लागले. आईचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तिनं आक्काला बोलावून खणानारळानं ओटी भरली. आक्कानं पदर पुढे केला, ओटी घेतली, आईच्या पाया पडली आणि चहालाही न थांबता निघून गेली. मला वाटलं, तिला भरून आलंय.

महिन्याभरानं वरून उत्तर आलं. टापूतला रोजगार समाधानकारक वाढत असल्यामुळे वर्गाची तूर्त गरज दिसत नाही, असं त्यात होतं. आकडे वेळेवर दिले म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी तो कागद पुन्हा वाचला. दाजींचा वर्ग ज्या आकड्यानं अडवला त्या आकड्यात दाजी स्वतः कामावर होते.

साहेबांना तेव्हाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मनाची समजूत घातली की पुरती मोजणी येईल तेव्हा सगळं सरळ होईल, त्यासाठीच तर ती असते. दाजींना वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. दिवाळी झाल्यावर ते पुण्याला निघाले. तिथे टांग्यांची घोडी अजून पुष्कळ होती. पोचवायला मी स्टेशनवर गेलो. त्यांच्या पिशवीत हातोडी आणि खूर तासायची सुरी होती, हे पिशवीच्या आकारावरून कळत होतं. गाडी सुटेपर्यंत आम्ही पाऊसपाण्याचं बोललो.

घरोघरची मोजणी व्हायला वर्ष उलटून गेलं. तिची पद्धत निराळी होती. मालकाला विचारायचंच नाही. ज्याचं त्याला, त्याच्या दारात विचारायचं, की गेल्या आठवड्यात काय काम केलंस. कारखान्यात चहा पिता पिता "आमचंच" झालेल्यांपैकी जी गावात उरली होती, ती माणसं स्वतःच्या उंबऱ्यावर उभी राहून जमिनीकडे बघत "न्हाय" म्हणाली. मामांचा भाचासुद्धा न्हाय म्हणाला. लिहिताना माझे कान तापत होते.

आक्काची गल्ली माझ्याच वाट्याला आली. ती दारातच उभी होती, कुणीतरी आधीच सांगितलं असणार. घरात किती माणसं, असं मी विचारलं. ती आणि दोन पोरी, असं तिनं सांगितलं. बरेच महिने गावाबाहेर राहणाऱ्याला इथे धरायचं नाही असा नियम होता, आणि दाजी तर वर्षभर बाहेर होते. तरी मी म्हटलं, दाजींचं काय लिहू?

"कामाला न्हवतं तवा कामाला लिवलंस," आक्का म्हणाली. "आता हितं न्हाईत, तर न्हाईत म्हणून लिव. येवढं तरी खरं लिव."

मग ती आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी नुसता ओठ लावून तांब्या खाली ठेवला.

मोजणी हाती आली आणि आमचा अदमास उघडा पडला. साहेबांनी लाल पेन्सिल घेतली. नुसता चालू महिना दुरुस्त करून भागत नाही, मागचे सगळे महिने त्याच मापानं खाली आणावे लागतात, म्हणजे चढ कुठून सुरू झाला ते खरं दिसतं, असं त्यांनी मला शांतपणे शिकवलं. दुरुस्त आकडे मीच माझ्या हातानं पुन्हा लिहिले. मी मोजलेल्या नोकऱ्या महिन्यामागून महिना विरत गेल्या. लाज वाटत होती, तरी त्या लाजेतही मला एक आशा होती. नोकऱ्या कमी आहेत हे आता सिद्ध झालं, आता वर्ग निघायलाच हवा. धीर करून मी साहेबांना तसं म्हणालो, मामांच्या कारखान्यातली हकीकतही सांगितली.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. नोकऱ्या कमी निघाल्या होत्या, पण बेकारही थोडेच निघाले होते. साहजिकच होतं. बसून राहिलेले बहुतेक लोक मधल्या काळात कुणी पुण्याला, कुणी मुंबईला, कुणी इचलकरंजीच्या मागांवर निघून गेले होते. एवढ्या थोड्या माणसांसाठी वर्ग कोण काढणार, असं साहेब म्हणाले, आणि त्यांच्या गणितात चूक नव्हती. चुकीच्या आकड्यानं वर्ग अडवला, वर्ग नाही म्हणून माणसं गेली, आणि माणसं गेली म्हणून बरोबर आकड्यानंही तो अडवला. दाजी अदमासात कामावर होते आणि मोजणीत नव्हतेच. ते बेकार होते असं आमच्या कचेरीतल्या एकाही कागदावर कधी लिहिलं गेलं नाही. लाल पेन्सिल होती, पण ती फिरवायला त्यांचं नाव तर कुठे हवं ना.

त्या साली दसऱ्याला दाजी आले. वाळले होते. संध्याकाळी सोनं द्यायला आमच्याकडे आले तेव्हा घर भरलेलं होतं, शेजारची चार माणसंही बसली होती. आईच्या हातावर त्यांनी आपट्याची पानं ठेवली. मी त्यांच्या पाया पडलो, आणि काय झालं कुणास ठाऊक, उठता उठता विचारलं, "दाजी, काम कसं चाललंय?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शिवी दिली होती. इतक्या वर्षांत त्या घरात तो प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता, आणि तोही सगळ्यांच्या देखत. घोडी कमी व्हायला लागली आहेत, पुढच्या साली बघू, असं दाजी सावकाश म्हणाले. मग त्यांनी माझ्या हातावर पानं ठेवली आणि हसून म्हणाले, "आज हाय मी घरात. लिवा पावणं."

सगळे हसले, आईसुद्धा. आक्का तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला मान वर करता येत नव्हती.